पावसात डीआय, हिवाळ्यात ॲम्प: कोरी गिटार रेकॉर्ड करायला इंटरफेस पुरे की डीआय बॉक्स घ्यावा?

मृग लागला की कोकणातल्या घरात ॲम्पसमोर माइक लावून रेकॉर्डिंग करणं जवळपास बंद पडतं. पत्र्याची पडवी असो की कौलारू माजघर, सर आली की पाऊस टेकमध्ये उतरतोच. म्हणून गिटारचा कोरा, बिनइफेक्टचा सिग्नल, म्हणजे डीआय, आता घेऊन ठेवायचा आणि आभाळ उघडल्यावर तोच सिग्नल ॲम्पमधून वाजवून, म्हणजे री-अँप करून, माइकने टिपायचा. चार मिनिटांची मोनो, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची फाइल जेमतेम ३५ एमबीची होते. देवगड किंवा वेंगुर्ल्यातून ती मोबाइलच्या नेटवरही मुंबई-कोल्हापूरच्या स्टुडिओत पोचते.

प्रश्न एवढाच, की डीआय घ्यायचा कशातून? ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्राच्या) इन्स्ट्रुमेंट इनपुटमधून, पॅसिव्ह (विजेशिवाय चालणाऱ्या) डीआय बॉक्समधून, की ॲक्टिव्ह (वीज लागणाऱ्या) डीआय बॉक्समधून? डीआय बॉक्स म्हणजे गिटारचा सिग्नल माइक इनपुटला चालेल असा करणारी डबी. आमचं मत आधीच सांगतो. घरी एकट्याने इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला इंटरफेसचा इनपुट पुरतो. डीआय बॉक्सचे पैसे री-अँप बॉक्स (इंटरफेसचा सिग्नल ॲम्पला गिटारसारखा करून देणारा), चांगली केबल आणि घराचं अर्थिंग यांवर खर्च केले तर आवाजात जास्त फरक पडतो. डीआय बॉक्स खरोखर लागतो अशा जागा मोजक्याच आहेत, त्या पुढे येतातच.

पिकअपला समोर काय दिसतं

पॅसिव्ह पिकअप म्हणजे चुंबकांभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. त्याचा रोध साधारण ६ ते १५ किलोओहम असतो, पण आवाज घडवतो तो त्याचा इंडक्टन्स. ही कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स मिळून २ ते ५ किलोहर्ट्झच्या टापूत एक उंचवटा तयार होतो. गिटारची धार म्हणतात ती हीच. समोरच्या इनपुटचा इंपीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) १ मेगाओहम किंवा जास्त असला की हा उंचवटा शाबूत राहतो, इनपुट जितका खाली येईल तितका तो बसत जातो. लाइन इनपुट १०-२० किलोओहमचा असतो. त्यात गिटार थेट खुपसली तर घोंगडी पांघरून वाजवल्यासारखी लागते, आणि नंतर ईक्यूने ती धार जशीच्या तशी परत येत नाही. ‘इन्स्ट’ बटण दाबायला विसरणं ही घरच्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात महागडी चूक आहे.

फोकसराईट स्कारलेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीचा इन्स्ट्रुमेंट इनपुट १.५ मेगाओहमचा आहे. याउलट रेडियल जेडीआय हा नावाजलेला पॅसिव्ह बॉक्स १४० किलोओहम दाखवतो आणि त्याच कंपनीचा ॲक्टिव्ह जे४८ २२० किलोओहम. म्हणजे बॉक्स महाग म्हणून तो पिकअपला जास्त मोकळा ठेवतो असं नाही. सिंगल कॉइल गिटारवर १४० किलोओहमचा बोजा कानाला जाणवतो, वरची चमक किंचित मऊ होते. हंबकरवर (दोन कॉइलच्या पिकअपवर) जाड डिस्टॉर्शनच वाजवायचं असेल तर हा फरक कुणाला शोधून सापडणार नाही.

केबलही याच हिशेबात येते. साधारण मीटरला १०० पिकोफॅरड धरा. ३ मीटरची केबल पुरत असताना ६ मीटरची लावली तर उंचवटा खाली सरकतो आणि गिटार मंद वाटते. गिटारवाला माजघरात आणि कॉम्प्युटर वरच्या माळ्यावर, अशी घराची मांडणी असेल तर डीआय बॉक्सची पहिली खरी गरज इथे आहे. गिटारपासून बॉक्सपर्यंत ३ मीटर, पुढे एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) केबल २० मीटर नेली तरी चालते.

पॅसिव्ह बॉक्स कुणाला

यात असतो ट्रान्सफॉर्मर, बहुधा १२ ला १ च्या आसपासचा. बॅटरी नाही, फँटम (माइकच्या केबलमधून मिळणारी वीज) नाही. सिग्नल साधारण २० डीबीने उतरतो, म्हणून माइक प्रीॲम्पवर तेवढा गेन परत द्यावा लागतो. प्रीॲम्प हलका असेल तर सुंईऽऽ असा आवाजही त्याबरोबर वर येतो. स्वस्त बॉक्समधला ट्रान्सफॉर्मर खालच्या स्वरांवर लवकर चेपतो. बेस गिटारवर हे लगेच कळतं.

पण ॲम्प वाजवता वाजवता डीआयही घ्यायचा असेल तर पॅसिव्ह बॉक्सला तोड नाही. गिटार बॉक्समध्ये, ‘थ्रू’ मधून ॲम्पला, एक्सएलआरमधून इंटरफेसला. ॲम्प आणि इंटरफेस दोन्ही अर्थिंगला जोडलेले असतील तर त्यांच्यामध्ये ५० हर्ट्झची गुणगुण फिरू लागते. ग्राउंड लिफ्टचा खटका दाबला की ती तुटते. ॲक्टिव्ह पिकअपच्या गिटारलाही हा बॉक्स मानवतो, कारण तिथे गिटारच्या आतला प्रीॲम्प बोजा सहज पेलतो.

अजून एक फायदा आहे. गरज पडली तर पॅसिव्ह बॉक्स उलटा लावून री-अँपिंग करता येतं, ॲक्टिव्ह बॉक्सने नाही. मात्र तेव्हा ट्रान्सफॉर्मर सिग्नल २० डीबीने चढवतो. त्यामुळे इंटरफेसचा आउटपुट आधी पूर्ण खाली आणून हळूहळू वाढवावा लागतो. निभावून नेण्यापुरतं हे ठीक आहे.

ॲक्टिव्ह बॉक्स कुणाला

४८ व्होल्ट फँटमवर किंवा बॅटरीवर चालतो, सिग्नल फारसा उतरवत नाही. पॅसिव्ह पिएझो पिकअपच्या (चुंबकाऐवजी स्फटिकाने कंपनं टिपणाऱ्या) अकूस्टिक गिटारला हाच हवा, आणि तोही मोठ्या इंपीडन्सचा. काउंट्रीमन टाइप ८५ हा १० मेगाओहमचा आहे, पिएझोचा खालचा भरणा त्याने टिकतो. कमी इंपीडन्सवर पिएझो पोकळ आणि कचकचीत लागतो. बॅटरीवर चालणारा बॉक्स असेल तर काम संपताच बॅटरी बाहेर काढा. इथल्या दमट हवेत विसरलेली बॅटरी फुटून टर्मिनल हिरवी पडतात.

गुणगुण कुठून येते

फक्त गिटार आणि इंटरफेस जोडलेले असताना येणारी गुणगुण डीआय बॉक्सने जात नाही. तिथे तोडायला ग्राउंड लूपच नसतो. सिंगल कॉइल ती हवेतून उचलते. खुर्ची जागच्या जागी पाव वळण फिरवून पाहा, एका कोनात आवाज जवळपास नाहीसा होतो. तिथे जमिनीवर खूण करा आणि सगळे टेक त्याच कोनात घ्या. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर हे मोठे उपद्रवी. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर आणि इन्व्हर्टर बंद ठेवून टेक घ्या, बहुतेकदा दिवसभरातला सगळ्यात स्वच्छ सिग्नल तेव्हाच मिळतो. डीआयमध्ये ऐकू न येणारी गुणगुण डिस्टॉर्शनमधून ४०-५० डीबीने वर येते, हे लक्षात ठेवून हेडफोनवर ॲम्प सिम्युलेटर (ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावूनच ती तपासा.

तारांना हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर वाजवणं थांबवा. दोन पिनांच्या चार्जरमधून गळती होत असेल किंवा घराचं अर्थिंग गेलं असेल. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंगचा रोध वाढतो. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येत असेल तर कोळसा-मिठाचा खड्डा नव्याने भरून घ्या, त्यात पाणी घालत राहा, जमल्यास तो विहिरीजवळच्या ओलसर जागी हलवा. गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन काढू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

लेव्हल आणि री-अँप बॉक्स

गिटारचा व्हॉल्यूम १० वर, ब्रिज पिकअप, गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग. त्यावर पीक मायनस १२ ते मायनस ८ डीबीच्या दरम्यान आला की गेन तिथेच सोडा आणि नॉबची जागा कागदावर लिहून ठेवा. २४ बिटमध्ये याहून वर नेण्याचा काहीच फायदा नाही, आणि क्लिप झालेला डीआय दुरुस्त होत नाही. तगड्या पिकअपने गेन शून्यावर असतानाही क्लिप होत असेल तर डीआय बॉक्सची ही आणखी एक खरी गरज.

इंटरफेसचा लाइन आउट थेट ॲम्पला लावू नका. लेव्हल फार चढी असते, ग्राउंड लूप होतो आणि ॲम्पला पिकअपसारखा स्रोत दिसत नाही. १९९० च्या दशकात जॉन क्युनिबर्टी यांनी यासाठीच खास बॉक्स बाजारात आणला, आज त्या जातीचे अनेक आहेत.

हा बॉक्स नेमका किती उघडायचा ते ठरवायची एक पक्की पद्धत आहे. डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) १ किलोहर्ट्झचा टोन मायनस १२ डीबी पीकला वाजवा. लाइन आउट री-अँप बॉक्सला, आणि त्या बॉक्सचा आउटपुट ॲम्पऐवजी इंटरफेसच्या त्याच इन्स्ट्रुमेंट इनपुटला, लिहून ठेवलेल्या त्याच गेनवर. त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर शिट्टी सुटेल. बॉक्सचा नॉब फिरवत रेकॉर्ड होणारा टोनही मायनस १२ ला आणा. आता गिटारने दिला असता तेवढाच दाब ॲम्पला मिळेल. याच फेरीत टोन किती सॅम्पल उशिरा परत आला तेही मोजून घ्या, नंतर माइकचा ट्रॅक तेवढाच आधी (डावीकडे) सरकवायचा आहे.

जे नंतर करता येत नाही

जुन्या घडणीचा जर्मेनियम किंवा सिलिकॉन फझ पिकअपवरच बोजा टाकतो. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज स्वच्छ होतो तो त्यामुळेच. री-अँप करताना हे नातं तुटतं, म्हणून फझ वाजवतानाच लावा. वाह पेडलही तसाच, पायाची हालचाल हा वादनाचाच भाग आहे. ॲम्पसमोर उभं राहून तारांना मिळणारा फीडबॅक डीआयमध्ये येणार नाही.

वाजवताना कानात कोरा आवाज देऊ नका, हात जड पडतो. १२८ सॅम्पल बफरवर सिम्युलेटर ऐकवा आणि रेकॉर्ड मात्र कोराच करा. ४८ किलोहर्ट्झवर हा बफर एका बाजूला २.७ मिलिसेकंदांचा आहे. खाऱ्या हवेत तारा आठवडाभरात काळवंडतात आणि स्वरातून सरकतात, तेव्हा सेशनच्या आदल्या दिवशी नव्या चढवा. जॅक खरखरत असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारून प्लग आठ-दहा वेळा आतबाहेर करा. दोन टेक जोडता त्या ठिकाणी बारीक फेड (आवाजाचा हलका चढउतार) द्या, कारण कोऱ्या सिग्नलमधली न जाणवणारी टिक डिस्टॉर्शनमध्ये चापटीसारखी लागते.

स्टुडिओत पाठवताना फाइल गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारी, नॉर्मलाइज न केलेली असू द्या. सोबत टेम्पो, ट्यूनिंग, पिकअप कोणता आणि तुम्हाला अभिप्रेत आवाजाचा सिम्युलेटरवरचा नमुना द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आलीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.