क्रेटाला सोळा, सतरा की अठरा? नागपुरात टायर घेण्याआधीचा हिशेब

ताईची ह्युंदाई क्रेटा पाच वर्षांची झाली. ४६ हजार किलोमीटर झालेत आणि टायर अजून शोरूममधून आले तेच आहेत. रविवारी मनीषनगरला गेलो तर पोर्चमध्येच वाद चाललेला. भाचा म्हणे, "मामा, अठरा इंची अलॉय चाकं टाकू न! गाडी कशी दिसते पाहा." भाऊजी म्हणे, "जे आहेत तेच चार टायर टाकायचे, विषय संपला." ताईचं तिसरंच. समृद्धी महामार्गावरून शिर्डीला जाऊन आलं की दोन दिवस तिची कंबर धरते, त्यामुळे मागे बसणाऱ्याला कमी आदळेल ते टाका, एवढंच तिचं म्हणणं.

आधी खाली बसून टायर पाहिला. नक्षीच्या खोल खाचेत मध्ये मध्ये रबराची आडवी गाठ असते, १.६ मिलिमीटर उंचीची. नक्षी झिजून त्या गाठीला टेकली की टायर संपला, कायद्यानंही आणि पावसात ब्रेक मारायच्या दृष्टीनंही. उभ्यानं पाहिलं तर ताईचे टायर "अजून एक पावसाळा काढतील" असे दिसत होते. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या डाव्या चाकाची आतली बाजू पाहिली, तर ती गाठीला टेकलेली आणि बाहेरची बाजू अजून दोन-अडीच मिलिमीटर शिल्लक. म्हणजे अलाइनमेंट, चाकं सरळ रेषेत असणं, केव्हाची गेलेली होती. ते नीट न करता नवे टायर टाकले असते तर वर्षभरात तेही आतून असेच टकले झाले असते. तुम्हीही आधी हे पाहून घ्या, मग साइजवर भांडा.

आता साइज. ताईच्या टायरवर २०५/६५ आर१६ ९५एच असं लिहिलंय. टायर २०५ मिलिमीटर रुंद, साईडवॉलची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबराच्या भिंतीची, उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १६ इंचांची. ९५ म्हणजे एक टायर ६९० किलो वजन पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालतो. भाच्याच्या इच्छा आणि दुकानदारांचे सल्ले एकत्र करून हा तक्ता बनवला. जुन्या टायरवर मीटर बरोबर दाखवतं असं धरलंय.

| साइज | चाकाची उंची (मिमी) | साईडवॉल (मिमी) | मीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग |
|---|---|---|---|
| २०५/६५ आर१६ (आहे ती) | ६७३ | १३३ | १०० |
| २१५/६५ आर१६ | ६८६ | १४० | १०२ |
| २१५/६० आर१७ | ६९० | १२९ | १०२.५ |
| २१५/५५ आर१७ | ६६८ | ११८ | ९९ |
| २१५/५५ आर१८ | ६९४ | ११८ | १०३ |

चाकाची उंची मूळच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवावी असा रूढ नियम आहे. अठराची साइज तिथे थोडक्यात नापास होते. पण नागपुरात निर्णय व्हायला हवा तो साईडवॉलच्या रकान्यावर.

अठराचा मोह मला कळतो. चाकाच्या कमानीतली मोकळी जागा भरते, गाडी रुबाबदार दिसते, वळणावर कमी झुकल्यासारखी वाटते. पण खड्डा सोसायला रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १५ मिलिमीटर रबर कमी होतं. माझ्या एका मित्राने आपल्या सोळाच्या गाडीला अठरा टाकले होते. आपल्याकडे सिमेंटचा रस्ता कडेच्या गट्टूंपेक्षा चार बोटं उंच राहिलेला असतो ना, तशाच एका कडेवरून रात्री चाक खाली उतरलं आणि परत वर घेतलं. आवाज फारसा झाला नाही. सकाळी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की हवा बाहेरच्या रबराला ढकलते, तोच हा फुगा. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायरच फेकावा लागतो. मित्राने रिमही सरळ करून घेतली, ती वेगळीच.

"पण मामा, कंपनीच तर देते अठरा," भाचा म्हणाला. खरंय. क्रेटा एन लाइनला आणि कियाच्या सेल्टॉसच्या वरच्या मॉडेलला अठरा इंची चाकं येतात. पण त्या गाड्यांचं सस्पेन्शन त्या चाकांना धरून बसवलेलं असतं. आपण नुसती चाकं बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी करता येत नाही, त्यामुळे अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालायची वेळ आलीच तर आपली बाजू लंगडी. ताईच्या कंबरेसाठी तर अठरा म्हणजे शिक्षाच.

सतराचं प्रकरण निराळं आहे. तक्ता पुन्हा पाहा. क्रेटाच्या वरच्या मॉडेलला येणाऱ्या २१५/६० आर१७ ची साईडवॉल ताईच्या टायरपेक्षा फक्त चार मिलिमीटरने कमी आहे, कारण कंपनीने अख्खं चाकच थोडं मोठं केलंय. आदळण्यात फार फरक पडत नाही, जमिनीपासूनची उंची आठ मिलिमीटर वाढते, आणि समृद्धीवर १२० च्या मर्यादेत गाडी थोडी जास्त ठाम वाटते. म्हणून सतरा टाकायचेच असतील तर हीच साइज. दुकानात मात्र "सतरा" म्हटल्यावर स्टॉकमध्ये असेल ते पुढे करतात. मला एकाने २१५/५५ आर१७ दाखवला, "एकच आहे भाऊ, पाचाचा फरक." त्या पाचाच्या फरकानं साईडवॉल थेट ११८ वर येते, म्हणजे अठराएवढीच. शिवाय त्यावर ९४ लिहिलेलं होतं, म्हणजे ६७० किलो. पाच माणसं, सामान आणि डिकीत संत्र्याचे क्रेट घेऊन जाणाऱ्या घरानं हा आकडा मूळच्या खाली कधीच नेऊ नये.

सतराला खर्च दोन ठिकाणी लागतो. चार अलॉयचे मला पस्तीस-चाळीस हजार सांगितले, आणि टायरही सोळापेक्षा दरवेळी महागच. कुणी वरच्या मॉडेलचे मूळ अलॉय काढून विकत असेल तर गोष्ट वेगळी. ते बसतातच, पाच नट आणि ११४.३ मिलिमीटरचा पीसीडी, म्हणजे त्या नटांच्या वर्तुळाचा व्यास, सारखाच असतो. बाहेरचे अलॉय घेताना मधलं भोक हबवर घट्ट बसतं का ते पाहा, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग करून करून माणूस थकतो.

२१५/६५ आर१६ हा दुकानदारांचा लाडका मधला मार्ग. रिम तीच राहते, टायर १० मिलिमीटरनं रुंद होतो, साईडवॉल १४० ची. बरेचदा ९८ चा म्हणजे ७५० किलोचा येतो. मागे बसणाऱ्याला सगळ्यात मऊ हाच. पण टायर जड असतो, पिकअप किंचित सुस्तावतो, मायलेज थोडं कमी होतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून, गाडी भरलेली असताना चाक आतल्या अस्तराला घासतंय का तेही तपासावं लागतं. मला हा पर्याय शेतावर जाणाऱ्यांसाठी बरा वाटतो. शहरात २०५ आणि २१५ मध्ये जेवढा फरक आहे, त्यापेक्षा जास्त फरक एका कंपनीच्या आणि दुसऱ्या कंपनीच्या टायरमध्ये असतो.

एटी (ऑल-टेरेन) म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीच्या मोठ्या खाचांच्या टायरचं विचाराल तर नागपुरात त्याची एक गंमतच आहे. "आम्ही पेंचला, ताडोब्याला जातो न भाऊ, एटीच लागते." गेटच्या आत आपण जिप्सीत बसतो, आपली गाडी रिसॉर्टच्या झाडाखाली उभी असते! तिथपर्यंतचा रस्ता जवळपास सगळा डांबरी. काटोलकडे बाग असेल, पावसाळ्यात काळ्या मातीतून रोजचं जाणं असेल, तर एटीच्या मोठ्या खाचा थोडी मदत करतात. पण क्रेटा पुढच्या दोनच चाकांवर ओढते, काळ्या मातीत फसायची ती फसतेच. आणि रोज सिमेंटच्या रस्त्यावर तो घूं-घूं आवाज ऐकावा लागतो तो वेगळा. ताईसाठी एटी बाद, हायवेचा साधा टायर ठीक.

आता ज्या गोष्टीवर दुकानात कुणीच बोलत नाही ती: ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान होतं, आणि ४५ तर आपल्याकडे दर मे महिन्याचंच. भाऊजींचा ठाम समज, "उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, गरमीनं फुगते." नेमकं उलट आहे. हवा कमी असली की साईडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, जास्त दबली की जास्त तापते, आणि समृद्धीवर तीन-चार तास एकाच वेगानं चाललं की तो ताप बाहेर पडायला उसंतच मिळत नाही. झिजलेला किंवा जुना टायर अशा वेळी फुटतो.

दुसरी चूक हवा भरायच्या वेळेची. दुपारी तीनला वर्धा रोडच्या पंपावर तापलेल्या टायरमध्ये ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये २८ च निघतं. मी घरी मोजून पाहिलंय, आणि गणितानंही तेवढंच येतं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा असतो तो थंड टायरचा असतो. छोटा कॉम्प्रेसर घरी ठेवा, सकाळीच भरा, डिकी भरून लांब जाताना स्टिकरवरचा भरल्या गाडीचा आकडा धरा. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मागितले तर मी देत नाही. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

उन्हासाठी टायरवर आणखी एक गोष्ट वाचा. बऱ्याच टायरवर "टेम्परेचर" शब्दापुढे ए, बी किंवा सी असतं. ए म्हणजे ताप सगळ्यात चांगला सोसणारा. शेजारी "ट्रेडवेअर"चा आकडा असतो, मोठा असेल तर टायर हळू झिजतो, पण तो एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये तोलायला वापरा. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळवू नका.

कंपन्यांबद्दल माझं मत थोडक्यात. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके मध्ये पैशाला टायर पुरेसा मिळतो आणि गावोगाव मिळतो. मिशेलिन, कॉन्टिनेंटल, योकोहामा शांत चालतात, ओल्या रस्त्यावर मला जास्त विश्वास वाटतो, पण मऊ रबराचं मॉडेल घेतलं तर लवकर झिजतं. ब्रिजस्टोन आणि गुडइयर मधल्या घरातले. ताईची तक्रार आदळण्याची आणि आवाजाची आहे, म्हणून तिच्यासाठी मी महागातला सोळा धरला. सतराच्या अलॉयचे पैसे वाचले की त्यातून तो सहज निघतो.

भाव विचारताना जुने आकडे डोक्यात ठेवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. करासकट १०,००० चा टायर आता साधारण ९,२०० ला बसायला हवा. आणि टायर चढवण्याआधी साईडवॉलवरच्या लंबगोलातले शेवटचे चार अंक वाचा. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मला एका दुकानात नवा म्हणून दिलेल्या चारपैकी दोन टायर तीन वर्षांपूर्वीचे निघाले होते. गाडी जॅकवर चढलेली, जुने टायर उतरवलेले, अशा वेळी भांडण आपल्याच अंगावर येतं. त्यामुळे अंक आधी वाचायचे, जॅक नंतर लावायचा.

पोर्चमधला निकाल असा लागला: तीच २०५/६५ आर१६, टेम्परेचर ए, चांगल्या कंपनीचा, आणि आधी अलाइनमेंट. भाचा नाराज होता, म्हणून गाडीचेच जुने अलॉय काळ्या रंगात रंगवून द्यायचं कबूल केलं. मग स्टेपनी पाहायला डिकीची गादी उचलली. पाचवा टायर पाच वर्षांत एकदाही जमिनीला लागला नव्हता, नक्षी अगदी नवीकोरी. हवा मात्र बारा पीएसआय.