ट्यूब अॅम्पच्या दुरुस्तीत २१,४०० रुपयांना गंडवलं

पुण्यात ट्यूब अॅम्प (काचेच्या ट्यूबांवर चालणारा गिटारचा अॅम्प्लिफायर) वापरणारे थोडे आणि तो दुरुस्त करणारे त्याहून थोडे. याचाच फायदा घेऊन मध्यवस्तीतल्या एका दुकानदाराने मला २१,४०० रुपयांना गंडवलं. ट्रान्सफॉर्मर १३,५००, पाच ट्यूबांचा सेट ५,४००, मजुरी २,५००. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत नाव लिहीत नाही.

माझा अॅम्प फेंडर ब्लूज ज्युनियर. त्यात पाच ट्यूबा: दोन ईएल८४ जातीच्या, तीन १२एएक्स७ जातीच्या. व्हॉल्यूम शून्यावर ठेवला तरी मोठ्याने घूंऽऽ व्हायला लागलं. दुकानातल्या काकांनी अॅम्प चालू केला, गिटार लावून एक कॉर्ड वाजवली आणि मागची फळीसुद्धा न काढता म्हणाले, "आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला हो, बाहेरून मागवावा लागेल."

तिथेच खटकायला हवं होतं. कॉर्ड वाजली होती! घूंच्या वरून स्वच्छ ऐकू आली होती! आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ट्यूबांचा सिग्नल स्पीकरपर्यंत पोचवणारा भाग, खरोखर जळला तर आवाज बंद तरी पडतो नाहीतर क्षीण, फाटका येतो. बऱ्याचदा फ्यूजही उडतो. शून्य व्हॉल्यूमवरची घूं म्हणजे आधी फिल्टर कपॅसिटर, म्हणजे वीजपुरवठ्यातली घूं गाळणारे भाग, बघायचे. हे मला वाचून माहीत होतं. पण समोरचा माणूस इतकी वर्षं दुकान चालवतोय, त्याच्याशी हुज्जत कोण घालणार? आणि घरी उघडून बघायची ही वस्तू नव्हे. बंद केल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब राहू शकतो, माणूस मरतो. म्हणून तर जाणकाराकडे गेलो.

पैसे देऊन 'दुरुस्त' अॅम्प घरी आणला. काही दिवसांत घूं परत आली. लाइव्ह साउंड करणाऱ्या मित्राने अॅम्प उघडला. ट्रान्सफॉर्मर तोच, जुनाच. स्क्रूंच्या खाचांत वर्षानुवर्षांची धूळ घट्ट बसलेली, पाना फिरल्याची खूणसुद्धा नाही. बदलला होता फक्त एक कपॅसिटर, असा जो तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, किरकोळ पैशांत मिळतो. आणि 'नव्या' ट्यूबा? पिना काळपट, एका काचेवर नव्या छाप्याखाली दुसऱ्याच नावाची पुसट अक्षरं. माझ्या चांगल्या ट्यूबा गायब. दुकानात विचारलं तर, "त्या टाकून दिल्या."

अॅम्प देण्याआधी आतले फोटो काढून घ्या, नाहीतर माझ्यासारखं होईल. काढलेला प्रत्येक पार्ट परत मागा.

पोलिस चौकीत काय ऐकायला मिळालं? "पैसे तुम्हीच दिलेत ना? मग ही दिवाणी बाब." भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीवरच आहे, हे मी त्यांना सांगायचं? यूपीआयने पैसे दिले म्हणून सायबर पोलिसांकडे पाठवलं. तिथे म्हणाले, हा ऑनलाइन गुन्हा नाही, चौकीतच जा. अर्जाची पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. वर "पक्कं बिल कुठाय?" दुकानदार पक्क्या बिलावर १८ टक्के जास्त मागतो आणि गिऱ्हाईक कच्चं घेतं, हे यांना माहीत नाही का? तरी तुम्ही पक्कंच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. तारीख अजून लागलेली नाही. पैशांबरोबर माझ्या पाच जुन्या ट्यूबाही परत हव्यात, असं अर्जात स्पष्ट लिहिलंय.