मेटोक्लोप्रमाइड की डोम्पेरिडोन? मंद पोटाच्या मधुमेहींसाठी

सकाळची भाकरी संध्याकाळी करपट ढेकरांतून पुन्हा भेटते, चार घासांत तडस लागते, इन्सुलिन घेऊन जेवलं की आधी साखर पडते आणि मध्यरात्री चढते. हे ज्यांच्या अंगवळणी पडलंय त्यांना गॅस्ट्रोपॅरेसिस (पोट मंद पडून अन्न तिथेच रेंगाळणं) म्हणजे काय ते मी सांगायला नको. माझी तपासणी किरणोत्सारी द्रव्य घातलेली इडली खाऊन झाली. चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त अन्न पोटात उरलं तर निदान पक्कं धरतात. माझं भरपूर उरलं होतं.

मग गोळी कोणती, हा प्रश्न आला. दोन्ही मी घेतल्यात. दोन्ही जेवणाआधी घ्यायच्या, दोन्ही डोपामिन या शरीरातल्या रसायनाची वाट अडवून पोट हलतं करतात. कागदावर मेटोक्लोप्रमाइड वरचढ आहे, अमेरिकेत या आजारासाठी त्यालाच मान्यता आहे, डोम्पेरिडोनला तिथे नाही. गुणही मला त्याचाच लवकर आला. तिसऱ्या दिवशी वाटीभर वरण-भात निवांत जिरला.

पाचव्या दिवशी मेव्हण्याकडे सत्यनारायण होता. मला पाटावर बसवेना. पाय दुखत नव्हते, मुंग्याही नव्हत्या (मुंग्यांशी माझी जुनी ओळख आहे), पण आतून कुणीतरी सारखं ‘ऊठ, ऊठ’ म्हणत होतं. बायको कुजबुजली, “अहो, बसा ना जरा, गुरुजी बघतायत.” दुसरा अध्याय संपायच्या आत मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. रात्री तेच, गॅलरी ते स्वयंपाकघर. मला वाटलं, काळजीनं होतंय, आणि त्यात आठवडा घालवला. डॉक्टरांनी ऐकताक्षणी गोळी बंद केली. हे औषध मेंदूत शिरतं, तिथून ही तगमग येते. फार दिवस घेतलं तर तोंड-जीभ आपोआप हलायला लागू शकते आणि गोळी थांबवली तरी ते जाईलच असं नाही. म्हणूनच अमेरिकेत 2009 साली त्यावर ठळक इशारा आला आणि 12 आठवड्यांपुढे घेऊ नये असं ठरलं.

डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही. मला त्याचा गुण सावकाश आला, आणि वाटीची पाऊण वाटी झाली हे खरं. खोट त्यातही आहे, ती हृदयाशी. ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून आधी ईसीजी काढून घेतलेला बरा. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) सुरू असेल तर डोम्पेरिडोन चालत नाही, हे सर्दी-खोकल्याच्या डॉक्टरांना आपणच आठवण करून सांगावं लागतं. शिवाय आपल्याकडे ते अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोलच्या जोडीला आधीच बसलेलं असतं. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा, नाहीतर नकळत दुप्पट डोस व्हायचा.

हृदयाचा त्रास असेल त्याचा हिशेब अर्थात वेगळा, आणि काहींना मेटोक्लोप्रमाइडनं काहीच होत नसेलही. माझ्यापुरतं सांगायचं तर पाऊण वाटी चालते.

गेल्या श्रावणात मेव्हण्याकडे पुन्हा पूजा झाली. पाचही अध्याय मांडी घालून ऐकले. प्रसादाचा शिरा मात्र दोनच चमचे, तुपानं पोट आणखी रेंगाळतं.