साउअर-बेकमन फार्म, स्टोनवॉल (टेक्सस): एका कापूसवाल्याच्या नजरेतून

ऑस्टिनला मुलाकडे-मुलीकडे आलेल्या आईवडिलांना मॉल आणि मंदिर दाखवून झालं असेल आणि ते शेतीतले असतील, तर त्यांना इथे घेऊन जा. मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी, जन्म कापसात गेला. अमेरिकेत बघितलेल्या जागांपैकी ही मला सगळ्यात जास्त आवडली.

ऑस्टिनहून हायवे 290 ने पश्चिमेला निघालं की सव्वा-दीड तासात स्टोनवॉल येतं. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या नावाच्या स्टेट पार्कमध्येच हे शेत आहे. तिकीट नाही. आत 1915 ते 1918 या काळातलं जर्मन शेतकऱ्याचं घर जसंच्या तसं चालू ठेवलंय. 'चालू' हे मुद्दाम म्हणतोय. काचेमागे ठेवलेलं नांगर-वखर मी पुष्कळ पाहिलंय, त्याने माझं समाधान होत नाही. इथे त्या काळचे कपडे घातलेली माणसं खरोखरच धार काढतात, अंडी गोळा करतात, डुकरांना खायला घालतात, लाकडाच्या चुलीवर रांधतात, परसबागेत भाजी लावतात.

या भागात जर्मन लोक आधीच आले होते. जवळचं फ्रेडरिक्सबर्ग 1846 साली वसलं, आणि पुढच्याच वर्षी या जर्मन वसाहतीचे प्रमुख मॉयझेबाख यांनी इथल्या मूळच्या कोमांची लोकांशी तह केला. जमीन मुळात कोमांचींच्या वावराची होती, हे फिरताना ध्यानात असू द्यावं. योहान आणि क्रिस्टीन साउअर इथे 1869 मध्ये चार लेकरं घेऊन आले. पुढे ती दहा झाली. त्यांची मुलगी ऑगस्टा सुईणीचं काम करायची, आणि 1908 साली जॉन्सन जन्मले तेव्हा बाळंतपण तिनेच केलं.

1900 मध्ये शेत बेकमन कुटुंबाकडे आलं. इथून पुढची गोष्ट मला फार लागली. 1915 ला कापूस चांगला पिकला. त्या पैशातून एमिल आणि एमा बेकमन यांनी नवा गोठा बांधला, जुन्या दगडी घराला लाकडी खोली जोडली, ओसऱ्या काढल्या आणि बाहेरून नक्षीचा ठसा उमटवलेला पत्रा लावलेलं नवं घर उभं केलं. साउअरांच्या वेळचं ओंडके आणि दगडाचं बांधकाम, आणि त्याला लागून कापसाच्या पैशातलं हे पत्र्याचं घर. एका कुटुंबाचे बरे दिवस कसे येतात, ते इथे भिंतीला हात लावून बघता येतं. मी त्या पत्र्यापाशी बराच वेळ उभा होतो. आमच्याकडे कापसाचं साल चांगलं गेलं की सोसायटीचं कर्ज फिटतं, नाहीतर पोरीचं लग्न होतं. घर राहून जातं.

मग यांना कसं जमलं? जाणकार अभ्यासक काय सांगतील ते सांगोत, मला उत्तर स्वयंपाकघरात दिसलं. तिथली बाई उभ्या लाकडी पिंपात दांडा वरखाली करून लोणी काढत होती. आमच्या हिने मुलीकरवी विचारलं, ताकाचं काय करता? उरलेलं डुकरांना, असं उत्तर आलं. हिला आधी ते बरं वाटलं नाही. मग त्या बाईने पुढचं सगळं उलगडून सांगितलं. डुकरं हिवाळ्यात कापतात, मांसाचे सॉसेज भरून धुरीच्या खोलीत टांगतात. चरबी स्वयंपाकाला लागते, आणि राखेच्या खाराबरोबर शिजवून तिचाच साबण होतो. त्याच साबणाने फरशी घासतात. दूध, अंडी, भाजी, मांस, साबण, सगळं घरचं. म्हणजे दुकानात द्यावं लागे ते थोडंच, आणि कापसाचा पैसा हाती राहत असणार. आमच्याही घरी आजीच्या वेळी तूर, ज्वारी, अंबाडी, दुभती म्हैस असं सगळं होतं. बांधापासून बांधापर्यंत फक्त पऱ्हाटी उभी राहिली, तेव्हापासून आम्ही तेल-डाळसुद्धा विकत आणतो.

माणसांशी बोला, ही माझी मुख्य सूचना. नुसतं फोटो काढत फिरलात तर वीस मिनिटांत बघून होईल आणि हाती काही लागणार नाही. चुलीला लाकूड कोणतं, गाय किती देते, खुराड्याला रात्री राखण कशी, असं काहीही विचारा. हातातलं काम न थांबवता ते सांगतात. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांबद्दलही विचारा. अमेरिका तेव्हा जर्मनीविरुद्ध लढत होती. घरात जर्मन बोलणाऱ्या माणसांना तो काळ जड गेला. 1918 साली तर टेक्ससच्या शाळांत फक्त इंग्रजीतच शिकवायचं, असा कायदा झाला.

लहान मुलांना कोंबड्या, टर्की, मेंढ्या यांच्यातच अर्धा दिवस जाईल. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमेल, फार चालणं नाही. पाणी मात्र सोबत ठेवा आणि सकाळीच पोहोचा. दुपारचं ऊन आमच्या वऱ्हाडासारखंच आहे.

कधी जावं, ते तुम्हाला काय बघवतं त्यावर आहे. डुकरं कापण्याचं, सॉसेज भरण्याचं काम थंडीत असतं. ते नको असेल तर मार्च-एप्रिल धरा, तेव्हा रस्त्याच्या कडेला निळी ब्लूबॉनेट फुललेली असतात. जूनमध्ये गेलात तर परतताना स्टोनवॉलचे पीच घ्या. पिकलेलेच निवडा आणि त्याच दिवशी खा.