त्यांगलन डॉट आयई: गेलिक वळणाची भाषा रचणाऱ्यांसाठी कितपत कामाचं?

काल्पनिक भाषेला गेलिक, म्हणजे आयरिश किंवा स्कॉटिश गेलिकसारखं, रूप द्यायचं म्हणून दिसेल त्या व्यंजनापुढे 'एच' चिकटवणाऱ्यांनी आधी हे संकेतस्थळ चाळावं. फोरस ना गेल्गे या आयरिश भाषासंस्थेचं हे मोफत कोशस्थळ. 1977 चा आयरिश-इंग्रजी कोश, 1959 चा इंग्रजी-आयरिश कोश, व्याकरणाचे तक्ते आणि उच्चार, सगळं एकाच ठिकाणी.

खरा ऐवज उच्चारांच्या विभागात आहे. कॉनॉख्ट, मन्स्टर आणि अल्स्टर या आयर्लंडमधल्या प्रांतांच्या तिन्ही बोलींतले उच्चार वेगवेगळे ऐकता येतात. उन्हाळ्याचा शब्द घ्या: एस-ए-एम-एच-आर-ए-डी-एच. अक्षरं आठ, पण कानावर पडतं साधारण 'सौरा', अल्स्टरमध्ये 'सौरू'. एमएच मागच्या स्वरात विरघळतो आणि शेवटच्या डीएचचा मागमूस राहत नाही. तेव्हा शब्द जमवण्याआधी एक बोली पक्की करा. तिन्हींची खिचडी केलीत तर तेच शेपूट एका शब्दात 'आ' आणि दुसऱ्यात 'ऊ' वाचावं लागेल.

व्याकरणाच्या तक्त्यांकडे बरेच जण फिरकत नाहीत, आणि तिथेच फसतात. स्त्री या अर्थाचा बी-ई-ए-एन उघडा. एकवचनी उपपद लागलं की बीचा बीएच होतो, उच्चार 'व'कडे झुकतो. षष्ठीच्या अनेकवचनात एमबी, उच्चार 'म'. मूळ बी मात्र लिखाणात कायम, म्हणून कोशात शब्द शोधता येतो. आपल्या भाषेत असा बदल नेमका कशामुळे होतो ते ठरवलं नसेल तर एच नुसता शोभेचा. एल, एन, आर यांना तर तो लावतच नाहीत.

उणीव म्हणाल तर उच्चारांना ध्वनिलिपीची जोड नाही. ऐकून स्वतःच टिपावं लागतं. ध्वनिमुद्रणंही बहुतेक शब्दांच्या मूळ रूपांचीच. शिवाय स्वरांचा नियम आधी माहीत असलेला बरा: व्यंजनाच्या दोन्ही बाजूंचे स्वर एकाच गटातले हवेत, एक तर ए-ओ-यू, नाही तर ई-आय. टी-ए-एल-ई चुकीचं, एलआधी आय घाला. हा आय सहसा वेगळा उच्चारायचा नसतो, तो फक्त एल तालव्य, म्हणजे जीभ टाळूकडे उचलून म्हणायचा, असल्याची खूण.

स्कॉटिश गेलिकचं वळण हवं असेल तर मात्र इथे फारसं हाती लागणार नाही. तिथे दीर्घ स्वर दाखवणारी वरची रेघसुद्धा उलट्या बाजूला झुकते.