घडीचा जाळीपिंजरा : ओळखीसाठी चांगला, विलगीकरणासाठी नाही

परसातील जुन्या कोंबड्यांमध्ये नवी कोंबडी सोडण्यासाठी तारेच्या चौकटींचे घडीचे पिंजरे आता तयार मिळतात. मी वापरलेल्या पिंजऱ्यात आठ चौकटी आहेत. प्रत्येक चौकट 60 सेंटिमीटर रुंद आणि 90 सेंटिमीटर उंच असून त्या लांब पिनांनी एकमेकींना जोडायच्या असतात. त्यांतील एका चौकटीत वर सरकणारे दार आहे आणि वरून ताणण्यासाठी नायलॉनची जाळी सोबत येते. खोक्यावर दोन उपयोग छापलेले आहेत: नव्या पक्ष्याचे विलगीकरण आणि जुन्या कळपाशी त्याची ओळख. यातले दुसरे काम हा पिंजरा थोडी डागडुजी केल्यास उत्तम करतो. पहिले काम मात्र तो करत नाही, आणि त्याच्यासारखा कोणताही जाळीचा पिंजरा ते करू शकणार नाही.

विलगीकरणाच्या या दाव्याबद्दल आधी लिहितो, कारण त्यावर विश्वास ठेवणाऱ्याचे होणारे नुकसान मारामारीतल्या जखमांपेक्षा मोठे असते. पिंजऱ्यासोबतची माहितीपुस्तिका नव्या कोंबडीला कळपाशेजारी दोन दिवस या पिंजऱ्यात ठेवून तिची तब्येत पाहण्यास सांगते. पण कोंबड्यांच्या श्वसनविकारांतील एक चिवट आजार म्हणजे मायकोप्लाझ्मा, आणि त्याची लक्षणे दिसायलाच सहा ते एकवीस दिवस लागू शकतात. शिवाय त्यातून बरी झालेली, वरकरणी टवटवीत दिसणारी कोंबडीही पुढे आयुष्यभर त्याची वाहक राहू शकते. कोंबड्यांना लकवा आणि गाठी आणणाऱ्या मॅरेक्स रोगाचा विषाणू पिसांच्या मुळांतून सुटणाऱ्या कोंड्याबरोबर हवेत पसरतो, आणि त्याला पाच सेंटिमीटरची तर सोडाच, अर्ध्या इंचाची जाळीही अडवत नाही. विष्ठेतून पसरणारे जंत आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी पायांना लागून इकडून तिकडे जातात. तेव्हा नव्या कोंबडीला साधारण महिनाभर, शक्य तितके दूर आणि निदान वेगळ्या छपराखाली ठेवणे भाग आहे. तिची पाण्याची व खाद्याची भांडी वेगळी असावीत, रोजची देखभाल करताना आधी जुन्या कळपाकडे आणि मग तिच्याकडे जावे, आणि तिच्याकडे जाताना पादत्राणे बदलावीत. याच महिन्यात पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती पिसे बाजूला करून उवा आहेत का ते पाहून घ्यावे. रक्त पिणारे लाल माइट हे बारीक किडे दिवसा अंगावर सापडत नाहीत. कोंबड्या रात्री ज्या दांडीवर बसतात तिच्या सांध्यांत ते दडून बसतात आणि रात्री अंगावर चढतात, म्हणून त्यांचा शोध अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन करावा लागतो. हे सगळे पार पडल्यावर या पिंजऱ्याची पाळी येते.

ओळखीच्या कामासाठी मात्र त्याची कल्पना योग्य आहे, आणि ती का योग्य आहे हे कोंबड्यांच्या स्वभावात दडलेले आहे. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ श्येल्डेरुप-एबे यांनी 1920च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला चोच मारायची याची उतरंड ठरलेली असते. ही उतरंड जोडीजोडीने ठरते. सहा कोंबड्यांच्या कळपात आलेल्या नवख्या कोंबडीला सहा वेगवेगळे निकाल लावून घ्यावे लागतात आणि ते सगळे एकाच सकाळी लागू लागले की रक्त येते. मध्ये जाळी असली तर मान ताठ करणे, मानेवरची पिसे फुलवणे, रोखून पाहणे आणि शेवटी एकीने नजर खाली घेणे, एवढ्यावर यातील बरेच निकाल अंगाला अंग न लागता लागतात. जुन्या कोंबड्या दुसऱ्या तिसऱ्या दिवशी जाळीवर धावून जाणे कमी करतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तिच्या शेजारी निवांत माती उकरू लागतात. हे घडून येण्यासाठी पिंजरा खुराड्याच्या समोर, कळपाच्या रोजच्या वाटेवर हवा. कोपऱ्यात टाकलेला पिंजरा कोंबड्यांच्या लेखी नसल्यासारखाच. दोन्हीकडचे खाद्य जाळीला लागून ठेवले की त्या समोरासमोर खायला शिकतात, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत उपयोगी युक्ती हीच आहे.

आता त्याच्या बनावटीतील दोष. चौकटीचा खालचा 30 सेंटिमीटरचा भाग दाट जाळीचा आहे, बहुधा पिले बाहेर पडू नयेत म्हणून, आणि त्याच्या वर पाच-पाच सेंटिमीटर अंतरावर उभ्या सळ्या आहेत. उभ्या राहिलेल्या मोठ्या कोंबडीचे डोके नेमके या सळ्यांच्या पट्ट्यात येते. म्हणजे जिथे अडसर हवा तिथेच फट आहे, आणि तुरा व डोक्याची कातडी या दोन नाजूक जागा पलीकडच्या चोचींना आयत्या मिळतात. तुऱ्याला झालेली लहान जखमही खूप रक्त गाळते, आणि रक्त दिसले की इतर कोंबड्या तिथेच टोचत राहतात. आतल्या बाजूने 60 सेंटिमीटर उंचीपर्यंत अर्ध्या इंची वेल्डेड जाळी बारीक तारेने बांधून घेतली की हा दोष पूर्ण जातो. मात्र जी वस्तू याच कामासाठी म्हणून विकली जाते तिच्यात ग्राहकाने पहिल्याच दिवशी जाळी बांधत बसावे, हे काही पटत नाही.

दाराची रचना मात्र विचारपूर्वक केलेली आहे. ते वर सरकते आणि हव्या त्या उंचीवर खिळीने अडकवता येते. त्यामुळे तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, बाहेर येऊ-जाऊ शकतील पण थोराड कोंबड्या आत शिरणार नाहीत, एवढेच उघडे ठेवता येते. दांडगाई सुरू झाली की तलंग पळत येऊन आत घुसते आणि पाठलाग करणारी दाराशी थांबते. याचा आणखी एक फायदा असा की तलंगांचे खाद्य आतच ठेवता येते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असते आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडांना ते अपायकारक ठरते. नवी आणि जुनी कोंबडी सारख्याच बांध्याची असेल तर या दाराचा असा उपयोग होत नाही. पण अगदी लहान पिले थेट मोठ्या कळपात सोडू नयेतच. अंगाने जवळजवळ बरोबरीला आलेल्या आणि शक्यतो दोन तलंगा एकत्र आणाव्यात, म्हणजे मार एकीच्याच वाट्याला येत नाही. प्रत्येक बाजूला दोन-दोन चौकटी लावून सुमारे दीड चौरस मीटर जागा होते आणि दोन पक्ष्यांना ती तेवढ्या दिवसांपुरती पुरते. तिसरा पक्षी आत घालू नये.

हा पिंजरा रात्रीसाठी नाही, हे खोक्यावर ठळक लिहायला हवे होते. वरची नायलॉनची जाळी ससाणा-कावळ्यांना रोखते, मुंगसाला किंवा मांजराला नाही, आणि खाली तळ नसल्यामुळे कुत्रे माती उकरून आत शिरू शकते. सूर्यास्तानंतर नव्या पक्ष्यांना बंद जागेत हलवणे आवश्यक आहे. नवी कोंबडी रात्री गुपचूप दांडीवर ठेवली की सकाळी जुन्या कोंबड्यांना ती आपलीच वाटते, असे पुष्कळ जण सांगतात. त्यात तथ्य एवढेच की अंधारात कोंबड्या सुस्त असतात आणि भांडत नाहीत. उजाडल्यावर त्या एकमेकींना प्रामुख्याने डोके आणि तुरा यांवरून ओळखतात, त्यामुळे परकी कोंबडी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. जाळीआडची ओळख झाल्यानंतर रात्री दांडीवर ठेवणे सोयीचे आहे. ओळखीऐवजी ते करणे धोक्याचे आहे, आणि दोन्ही वेळी पहाटे स्वतः हजर राहावे लागते.

दार पूर्ण उघडण्याच्या दिवशी खाद्याची आणि पाण्याची एकेक जादा जागा करावी. एक-दोन फळ्या भिंतीला तिरक्या टेकवून अशा आडोशाच्या जागा ठेवाव्यात की ज्यांना दोन्ही बाजूंनी वाट असेल, कारण एकाच तोंडाच्या कोपऱ्यात कोंडी होते. थोडी टोचाटोची आणि चार पावलांचा पाठलाग चालू द्यावा. प्रत्येक वेळी मध्ये पडले तर ठरायचे ते ठरतच नाही. एकीला खाली दाबून बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या किंवा रक्त दिसले, तर मात्र तत्काळ वेगळे करावे. आणि इथे या पिंजऱ्याचा खोक्यावर न छापलेला तिसरा उपयोग आहे, जो मला पहिल्या दोहोंपेक्षा मोलाचा वाटतो: नव्या कोंबडीला परत आत टाकण्याऐवजी कळपातल्या सर्वांत दांडग्या कोंबडीला काही दिवस आत ठेवावे. ती परत येते तेव्हा तिचे जुने स्थान तसेच राखून ठेवलेले नसते आणि नवख्या कोंबडीने तोवर बाकीच्यांशी जुळवून घेतलेले असते.

बाकी गोष्टी थोडक्यात. जस्ताचा मुलामा चौकटींवर टिकून आहे, कापलेल्या टोकांशी तांबेरा धरला आहे. धुणे सोपे आहे. मात्र सांध्यांच्या कड्यांत विष्ठा अडकते आणि ती ब्रशानेच काढावी लागते. घडी केल्यावर पिंजरा भिंतीला टेकवून ठेवता येतो, पण एकट्याने उचलायला जड आहे. पिना मात्र वाकतात, आणि एक पीन हरवली तरी पिंजरा बंद होत नाही. सुट्या पिना वेगळ्या विकत मिळत नसल्याने खरेदीच्या वेळीच दोन-चार जास्तीच्या मागून घ्याव्यात.