वर्डप्रेस आणि ॲडसेन्स: बेळगावातून सोळा महिन्यांचा अनुभव

वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीवर उभारलेले आणि ॲडसेन्स या गूगलच्या सेवेतून येणाऱ्या जाहिरातींवर चालणारे माझे मराठी संकेतस्थळ आता सोळा महिन्यांचे झाले आहे. त्यापूर्वी अनेक वर्षे मी बेळगावातील एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करत होते. ते काम कमी होत गेले, तेव्हा घरबसल्या करता येईल आणि ज्यात शब्दांशी संबंध राहील असा उद्योग म्हणून मी हे काम हाती घेतले. या दोन्ही साधनांचा उपयोग मराठीत लिहिणाऱ्या एकट्या प्रकाशकाला कितपत होतो, हे आता थोड्या खात्रीने सांगता येईल असे वाटते.

माझा विषय कर्नाटकातील सरकारी कागदपत्रे मराठीत समजावून सांगणे हा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील पुष्कळ घरांत बोलणे, पत्रव्यवहार आणि वाचन मराठीत चालते. शेतीचा उतारा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मात्र कन्नडमध्ये हाती येतो. 'हेसरु' म्हणजे नाव, 'विळास' म्हणजे पत्ता आणि 'आदाय' म्हणजे उत्पन्न, एवढे तीन शब्द जरी ठाऊक असले तरी अर्जाची निम्मी भीती कमी होते. असे शब्द आणि त्या त्या रकान्यात काय भरायचे हे एकेका पानावर लिहायचे, एवढीच माझी कल्पना होती. तिच्या जोडीला गावोगावच्या जत्रा, जांबोटीकडचा पाऊस, बेळगावी कुंदा आणि मांडे यांच्यावरही मी मनापासून लेख लिहिले.

वर्डप्रेस विनामूल्य आणि मुक्त स्रोताचे, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारे आहे, त्याचा कारभार मराठीत दिसू शकतो आणि मजकूर आपल्या मालकीचा राहतो. पहिल्या होस्टिंग कंपनीची, म्हणजे संकेतस्थळ ठेवायला इंटरनेटवर जागा देणाऱ्या कंपनीची, सेवा मला सहाव्या महिन्यात सोडावी लागली, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात दाखल्यांसाठी वाचकांची गर्दी झाली की पाने उघडेनाशी होत. तेव्हा सगळा मजकूर, चित्रे आणि लेखांचे इंटरनेटवरील पत्ते उचलून दुसरीकडे नेणे एका दिवसात जमले. केवळ या एका गोष्टीसाठी मी नवीन प्रकाशकाला दुसऱ्याच्या मालकीच्या व्यासपीठाऐवजी वर्डप्रेस सुचवीन.

मराठी मथळ्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधी माहीत असायला हवी होती. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याला २०० वर्णांची जागा असते आणि इंग्रजी मथळ्याला ती भरपूर होते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइटांचे असते आणि पत्त्यामध्ये प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन वर्णांत लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा लागतात. शिवाय काना, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूण ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. त्यामुळे बाविसाव्या चिन्हानंतरचा मथळा पत्त्यातून गळून पडतो. 'उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लागणारी कागदपत्रे' या माझ्या लेखाचा पत्ता 'दाखल्यासाठ' येथेच तुटला, आणि त्याच शब्दांनी सुरू होणाऱ्या दुसऱ्या लेखाला तोच पत्ता मिळून त्याच्या शेवटी २ हा आकडा लागला. व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर तर तो पत्ता टक्क्यांच्या खुणांची चार-पाच ओळींची रांग होऊन दिसे. आता मथळा मराठीत आणि पत्ता रोमन लिपीतील तीन-चार लहान शब्दांचा, असा नियम मी ठेवला आहे. जुने पत्ते बदलल्यावर वर्डप्रेसने वाचकांना आपोआप नव्या पत्त्यावर नेले, हे येथे आवर्जून नोंदवते.

असाच अनुभव देवनागरी डोमेनचा, म्हणजे संकेतस्थळाच्या इंटरनेटवरील नावाचा, आला. '.भारत' हे डोमेन २०१४ साली देवनागरीत उपलब्ध झाले. आपल्या संकेतस्थळाचे नाव आपल्या लिपीत असावे या इच्छेने मी ते घेतले. अनेक ठिकाणी चिकटवल्यावर ते 'एक्सएन' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या अनोळखी ओळीत बदलते, आणि फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणारा माणूस अशा ओळीवर बोट ठेवत नाही. ते डोमेन मी सोडलेले नाही, पण लोकांना '.इन' चाच पत्ता देते.

गूगलवरील शोधाच्या बाबतीत आपल्या शहराचे नाव हाच एक मोठा विषय आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झाले. मराठी माणूस 'बेळगाव' लिहितो, जुन्या वळणाचा 'बेळगांव' असा अनुस्वार देतो आणि फोनवर रोमन लिपीत टंकणारा आणखी दोन-तीन प्रकारे लिहितो. शेतीच्या कागदाचेही तसेच आहे. कोणी त्याला उतारा म्हणतो, कोणी पहाणी, कोणी नुसते आरटीसी, तर ज्याचे नातेवाईक सीमेपलीकडे आहेत तो सातबारा असा शोध घेतो. मथळ्यात मी 'बेळगाव' आणि 'उतारा' एवढेच ठेवते आणि पहिल्या परिच्छेदात बाकीची नावे एकेकदा, वाक्यात शोभतील अशी येऊ देते. एकच शब्द चार रूपांत ठासून भरलेला मजकूर मी मुद्रितशोधक म्हणून सहन करू शकले नसते.

ॲडसेन्ससाठी केलेला माझा पहिला अर्ज नाकारला गेला. त्या वेळी संकेतस्थळावर नऊच लेख होते, त्यातील चार दोनशे शब्दांच्या आतले होते आणि संपर्काचे पान नव्हते. नकार योग्यच होता. अडीच महिन्यांनी, सत्तावीस लेख झाल्यावर, दुसरा अर्ज मंजूर झाला. मराठी ही ॲडसेन्सच्या मान्य भाषांपैकी एक असल्यामुळे भाषेची अडचण आली नाही. जाहिरातदार गूगल ॲड्स या जाहिरात देण्याच्या सेवेतून येतो तेव्हा त्याच्या १०० रुपयांपैकी सरासरी १५ रुपये तेथे राहतात आणि उरलेल्यातील ८० टक्के प्रकाशकाला मिळतात, म्हणजे साधारण ६८ रुपये. वाटा वाजवी आहे. मराठी पानावरील जाहिरातीचा मूळ भावच लहान असतो, आणि तो दिवाळीच्या आधी चढतो, जानेवारीत उतरतो.

पैसे हाती येण्याचा मार्ग मी सविस्तर सांगते, कारण याबाबत मला सर्वांत जास्त विचारणा होते. खात्यावर १० डॉलर जमले की पत्त्याची खात्री करण्यासाठी टपालाने सहा आकड्यांचा पिन येतो. माझ्या बाबतीत तेथपर्यंत पोहोचायला चार महिने लागले आणि पिन त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आला. पत्ता लिहिताना महापालिकेच्या कागदावरील घर क्रमांकाबरोबर आमच्या गल्लीचे प्रचलित नाव लिहिले होते, म्हणूनच तो पोहोचला असे मला वाटते. पिन चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती थांबतात. पैसे १०० डॉलर झाल्याशिवाय निघत नाहीत, आणि निघाले की महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. माझे पहिले १०० डॉलर पूर्ण व्हायला अकरा महिने लागले.

रक्कम परदेशातून डॉलरमध्ये येते, त्यामुळे बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारासाठीचा ओळख संकेतांक, लागतो आणि तो प्रत्येक शाखेला असतोच असे नाही. माझ्या शाखेने मोठ्या शाखेचा कोड दिला आणि पैसे कशाबद्दल आले हे लेखी मागितले. जाहिरात सेवेसाठी पी १००७ हा उद्देश संकेतांक आहे, तो अर्जात लिहिल्यावर काम झाले. प्रत्येक वेळी बँकेचे शुल्क कापले जाते आणि लहान रकमेतून ते फार जाणवते. म्हणून मी पैसे काढण्याची मर्यादा स्वतःच २०० डॉलरपर्यंत वाढवून घेतली आहे. ही सोय ॲडसेन्समध्ये आहे आणि लहान प्रकाशकाने ती जरूर वापरावी. हे उत्पन्न प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायचे असते, हे वेगळे सांगायला नको.

जाहिरात कोठे लावायची यावर मी सर्वाधिक वेळ घालवला. सुरुवातीला स्वयंचलित जाहिराती, म्हणजे ज्यांची जागा गूगल स्वतः ठरवते त्या, पूर्ण चालू ठेवल्या होत्या. मग एकदा दाखल्यांच्या कचेरीबाहेर रांगेत उभी असताना मी माझेच पान फोनवर उघडले. 'आदाय' या शब्दाचा अर्थ सापडण्यापूर्वी पूर्ण पडदाभर जाहिरात आली, ती बंद केल्यावर मजकूर खाली सरकला आणि हवी असलेली ओळ हरवली. त्याच रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंच्या हातात कोरा अर्ज होता. त्या दिवशी घरी येऊन पूर्ण पडद्याच्या जाहिराती बंद केल्या, उरलेल्यांसाठी जागा आधीच राखून ठेवली म्हणजे मजकूर हलणार नाही, आणि अर्जाच्या शब्दार्थांचा तक्ता संपेपर्यंत मध्ये काहीही येऊ दिले नाही. उत्पन्न सुमारे पाचव्या हिश्श्याने घटले. तो बदल मी मागे घेतलेला नाही.

जाहिरातींचे प्रकार रोखण्याची सोयही मी वापरते. झटपट श्रीमंतीच्या आणि ज्योतिषाच्या जाहिराती मी बंद केल्या आहेत. 'डाउनलोड' असे मोठे हिरवे बटण दाखवणाऱ्या जाहिरातींकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण उतारा शोधणारा शेतकरी तेच खरे बटण समजतो. अशी जाहिरात दिसली की मी ती शोधून एकेक बंद करते. आठवड्यातील अर्धा तास या कामासाठी ठेवलेला आहे.

घरच्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी. माझा भाचा कौतुकाने म्हणाला, "मावशी, रोज दहा वेळा दाबतोय बघ तुझी जाहिरात." त्याला त्याच क्षणी थांबवावे लागले, कारण असे क्लिक अवैध धरले जातात, त्यांचे पैसे कापले जातात आणि खाते बंदही होऊ शकते.

आता प्रत्यक्ष कमाईविषयी. सोळा महिन्यांत ॲडसेन्सच्या उत्पन्नातील बहुतेक भाग सहा पानांनी मिळवून दिला, आणि ती सहाही पाने उतारा, दाखले आणि त्यांतील कन्नड शब्द यांच्यावरची आहेत. ज्या लेखांवर मी सर्वांत जास्त मेहनत घेतली, ते जत्रांचे आणि पदार्थांचे लेख, वाचले खूप गेले. पुण्यात, मुंबईत आणि गोव्यात कामाला गेलेल्या आपल्या लोकांनी ते एकमेकांना पाठवले. त्यांनी जाहिरातींतून जवळजवळ काहीच मिळवले नाही. या आकड्यांमुळे मी काही आठवडे निराश होते आणि ते लेख थांबवण्याच्या विचारात होते.

तो विचार बदलला तो खडेबाजारातील एका भांड्यांच्या दुकानदारामुळे. कुंद्यावरचा लेख त्यांच्या सूनबाईंनी वाचला होता, त्यावरून त्यांनी बाकीची पाने पाहिली आणि मला दुकानात बोलावून म्हणाले, "ताई, आमची पाटी तुमच्या त्या उताऱ्याच्या पानावर लावा की. तिथं येणारा माणूस आमच्याच तालुक्यातला असतोय." सहा महिन्यांसाठी त्यांनी जी रक्कम दिली, ती तेवढ्या काळातील ॲडसेन्सच्या मिळकतीपेक्षा जास्त होती. त्यानंतर एक शिकवणी वर्ग आणि एक बियाण्यांचे दुकान आले, दोघेही जत्रांचे लेख वाचून आलेले. शोधून येणारा वाचक गरज भागली की निघून जातो. गावाबद्दलचे लेख वाचणारा मात्र लिहिणाऱ्या व्यक्तीला ओळखू लागतो आणि दुकानदार त्या ओळखीवर पैसे लावतो, हे मला त्या दुकानात बसून कळले.

त्यामुळे नव्याने सुरू करणाऱ्याने ॲडसेन्स जरूर घ्यावे, पण त्यातून होस्टिंग, डोमेन आणि इंटरनेटचा खर्च निघेल एवढाच हिशेब धरावा. माझा तो खर्च आता निघतो आणि थोडे शिल्लकही राहते. स्थानिक जाहिरातींसाठी मी साध्या कागदावर करार करते, मुदत आणि जागा लिहिते, जाहिरात 'प्रायोजित' अशा स्पष्ट शब्दाखाली लावते आणि दुव्यालाही तशी खूण देते. सरकारी कामाचे पैसे मागणाऱ्या मध्यस्थांच्या दोन जाहिराती मी नाकारल्या, कारण जे काम माणसाने स्वतः करावे म्हणून ते पान लिहिले आहे, त्याच पानावर त्यांना जागा देणे मला पटले नाही.

भांड्यांच्या दुकानाची मुदत गेल्या महिन्यात संपली आणि त्यांनी ती वाढवून घेतली. या वेळी पाटी कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत हवी, असे त्यांनी कळवले आहे; कन्नड मजकुराचे मुद्रितशोधन करून देणाऱ्या शेजारच्या शिक्षिकेकडे मी उद्या तो घेऊन जाणार आहे.